बेमेळ भागांचे पिस्तूल

नव्याने घेतलेल्या वस्तूचे खोके उघडताना आपण मनाशी एक गोष्ट धरून चाललेलो असतो. आतले सगळे भाग एकाच कारखान्यात आणि एकमेकांसाठीच घडले असणार. कुकरचे झाकण त्याच कुकरचे, शर्टाच्या दोन्ही बाह्या एकाच ताग्यातल्या. यात कुठे फरक दिसला की माणूस आधी दुकानदाराकडे संशयाने पाहतो आणि मग पावती शोधू लागतो.

अमेरिकेत २०१८ नंतर काही हजार माणसांच्या वाट्याला हा अनुभव आला, तोही पिस्तुलाच्या बाबतीत. तेथील सैन्याच्या कोठारात '१९११' या नावाने ओळखली जाणारी जुनी पिस्तुले पडून होती. ती नागरिकांना विकण्याची वाट २०१५ साली झालेल्या एका कायद्याने मोकळी झाली, आणि २०१८ च्या सप्टेंबरात 'सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम' या संस्थेने त्यासाठी अर्ज मागवले. नेमबाजीचा प्रसार करणारी ही संस्था अलाबामा राज्यातल्या ॲनिस्टन गावातून हा व्यवहार पाहते. मागणी फार असल्यामुळे अर्जदारांचे क्रम चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. तेव्हा एका माणसाला वर्षाला एकच पिस्तूल मिळे. पहिल्या वेळची किंमत प्रतीनुसार ८५० ते १०५० डॉलर.

वस्तू सत्तर-पंच्याहत्तर वर्षांची असली, तरी घेणाऱ्याची खरेदी नवीच. तो हौसेने खोके उघडतो. पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, म्हणजे स्लाइडवर, एका कंपनीचे नाव कोरलेले असते. खालच्या फ्रेमवरचा क्रमांक यादीत पाहावा, तर तो दुसऱ्याच कंपनीचा निघतो. नळीवरचे अक्षर तिसऱ्याच कारखान्याची खूण सांगते. मुठीचा मागचा भाग सपाट, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या पद्धतीचा. बाकीचे पिस्तूल मात्र दुसऱ्या महायुद्धातले. वरचा राखाडी रंग एका छटेचा, खालचा दुसऱ्या. आणि रिकामे पिस्तूल कानाजवळ हलवले की आतून खुळखुळ असा बारीकसा आवाज येतो. पैसे मोजून घेतलेली वस्तू खुळखुळ्यासारखी वाजली तर कुणाच्याही पोटात गोळा येईल.

आपल्या बहुतेक घरांत पिस्तूल सिनेमातच दिसते. तरीही या खुळखुळ्याच्या गोष्टीत आपल्या ओळखीची नावे भेटतात, म्हणून ती सांगावीशी वाटते.

या पिस्तुलाचा जनक जॉन मोझेस ब्राउनिंग. यूटा राज्यातल्या ऑग्डेन गावी १८५५ साली जन्मलेला हा माणूस. वडीलही बंदुका घडवणारे. फिलिपिन्समधल्या लढायांत हाताशी असलेली .३८ ची रिव्हॉल्व्हरे अपुरी पडतात असे अमेरिकी सैन्याच्या ध्यानात आले, तेव्हा .४५ व्यासाच्या नव्या पिस्तुलाचा शोध सुरू झाला. १९११ च्या मार्च महिन्यात अखेरची चाचणी झाली. ब्राउनिंगच्या पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते एकदाही अडले नाही. त्याच महिन्याच्या २९ तारखेला सैन्याने ते स्वीकारले. तिथून १९८५ पर्यंत, म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षे, ते अमेरिकी सैनिकाच्या कमरेला होते. सैन्यासाठी एकूण सुमारे २७ लाख पिस्तुले तयार झाली.

ती घडवली कोणी? सुरुवातीला मुख्यतः कोल्ट कंपनीने. पण दुसरे महायुद्ध दाराशी आले आणि एकट्या कोल्टला ते झेपेना. मग ज्यांच्याकडे यंत्रे आणि कुशल कामगार होते, त्या कारखान्यांना काम वाटले गेले. इथाका कंपनी शिकारीच्या बंदुका बनवणारी, तिने सुमारे ३ लाख ३५ हजार पिस्तुले केली. 'युनियन स्विच अँड सिग्नल' ही रेल्वेचे सिग्नल बनवणारी कंपनी, तिने सुमारे ५५ हजार. शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीने नमुन्यादाखल अवघी ५०० केली, आणि पुढे तिच्याकडे तोफांच्या नेमासाठी लागणाऱ्या उपकरणांचे काम गेले. सर्वांत जास्त, सुमारे पावणेनऊ लाख पिस्तुले केली ती रेमिंग्टन रँडने. टाइपरायटरवाली रेमिंग्टन ती हीच.

आजीच्या पायाखाली धडधडणारे सिंगरचे यंत्र आणि कचेरीत दिवसभर टकटकणारे रेमिंग्टन ही आपल्या मध्यमवर्गीय आयुष्यातली दोन यंत्रे. देवनागरी टायपिंगच्या एका कळफलकाला आजही 'रेमिंग्टन' म्हणतात. त्या नावांची पिस्तुले निघाली याचे पहिल्यांदा नवल वाटते. पण इतिहास पाहिला तर नाते जुने आहे. पहिला यशस्वी टाइपरायटर १८७०च्या दशकात तयार झाला तो ई. रेमिंग्टन अँड सन्स या बंदुकांच्याच कारखान्यात. तिथे शिवणयंत्रेही बनत. त्यामुळे त्या पहिल्या टाइपरायटरला शिवणयंत्रासारखे पायटे होते. पाय दाबला की कागद पुढच्या ओळीला सरकायचा. पुढे १८८६ मध्ये टाइपरायटरचा धंदा वेगळा झाला. बंदुकीच्या कारखान्यातून टाइपरायटर बाहेर पडला होता. सुमारे सत्तर वर्षांनी टाइपरायटरवाल्यांच्या कारखान्यातून पिस्तूल बाहेर पडले.

हे शक्य झाले ते एका जुन्या कल्पनेमुळे. बंदूक पूर्वी एकेका कारागिराच्या हातची असे. तो कानस घेऊन बसायचा आणि एक भाग दुसऱ्यात नेमका बसेपर्यंत घासत राहायचा. अशा बंदुकीचा चाप मोडला तर शेजारच्या बंदुकीचा चाप तिला चालत नसे. रणांगणावर एक लहानसा तुकडा मोडला की सगळी बंदूक निकामी. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ नावाच्या बंदूककाराने यावर तोड काढली. थॉमस जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील होता. १७८५ साली मायदेशी लिहिलेल्या पत्रात त्याने ब्लाँच्या कारखान्यातली हकीकत कळवली आहे: पन्नास बंदुकांच्या चापयंत्रांचे सुटे भाग त्याच्यासमोर मांडले होते, हाताला येईल तो तुकडा उचलून त्याने स्वतः काही यंत्रे जोडली आणि ती नीट जुळली.

कल्पना सोपी, पण अमलात आणायला फार अवघड. अमेरिकेत १८०१ साली एली व्हिटनीने पुढाऱ्यांसमोर अशाच जुळणीचे प्रात्यक्षिक करून वाहवा मिळवली. त्याच्या बंदुका नंतर अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा त्यांचे भाग खरे म्हणजे अदलाबदल होण्यासारखे नव्हते असे दिसून आले. गेज, एकसारखी यंत्रे आणि कडक तपासणी यांची घडी सरकारी शस्त्रशाळांत बसायला पुढची कित्येक दशके जावी लागली. रेमिंग्टन रँडलाही हे सहजी जमले नाही. १९४३ च्या सुरुवातीला तिची पिस्तुले अदलाबदलीच्या परीक्षेत नापास झाली आणि उत्पादन थांबवावे लागले. चुका दुरुस्त झाल्यावर काम पुन्हा सुरू झाले, आणि युद्ध संपेपर्यंत याच कंपनीची पिस्तुले स्वस्त आणि चांगली म्हणून नावाजली गेली.

आता खुळखुळ्याकडे येऊ. चार वेगवेगळ्या गावांतल्या कारखान्यांत बनलेला कुठलाही भाग कुठल्याही पिस्तुलात बसायचा, तर नकाशावर प्रत्येक मापाला दोन मर्यादा द्याव्या लागतात: याहून मोठे नको, याहून लहान नको. सगळ्यांत मोठी नळीसुद्धा सगळ्यांत अरुंद स्लाइडमध्ये शिरली पाहिजे. म्हणजे बाकीच्या जोड्यांत थोडी मोकळीक राहणारच. आपले गॅरेजवाले तिला 'प्ले' म्हणतात. या पिस्तुलात गोळी सुटली की नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून थोडे मागे येतात, मग एका लहानशा दुव्यावर नळीचे मागचे टोक खाली झुकते आणि स्लाइड मोकळी होऊन रिकामी पुंगळी फेकते. या हालचालीला जागा हवी, आणि तिच्यात चिखल, वाळू शिरली तरी काम चालले पाहिजे. त्यावर वर्षानुवर्षांच्या वापराची झीज धरा. आवाज येतो तो असा. तो ऐकून वस्तू बिघडली असे ठरवणे घाईचे होईल.

ही मोकळीक काढता येते. नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी सैन्याच्याच शस्त्रशाळांत काही पिस्तुले निवडून, भाग हाताने घासून घट्ट बसवली जात. त्यांचा नेम सुरेख. पण त्यांची नळी बदलायची तर पुन्हा कुशल कारागिराकडेच जायला हवे. आज दुकानात मिळणाऱ्या, याच घाटाच्या महागड्या नव्या पिस्तुलांचीही तीच तऱ्हा आहे. सुटा भाग मागवला तर तो कानस लावल्याशिवाय बसेलच असे नाही. घट्टपणा पाहिजे तर दुसऱ्याला सामावून घेण्याची सोय सोडावी लागते, आणि ती सोय पाहिजे तर थोडा खुळखुळाट सोसावा लागतो.

सैन्याला सोय हवी होती. १९४५ नंतर त्याने अशी नवी पिस्तुले घेतलीच नाहीत. होती तीच ऑगस्टा, रॉक आयलंड, स्प्रिंगफील्ड आणि पुढे ॲनिस्टन येथील शस्त्रशाळांत पुन्हा पुन्हा दुरुस्त झाली. पिस्तुले सुटी करायची, झिजलेले भाग फेकायचे, चांगले भाग त्या त्या पेटीत टाकायचे, त्यांवर राखाडी मुलामा चढवायचा आणि हाताला येईल त्या भागांतून पुन्हा जोडायची. कोणता भाग कोणाचा हे पाहण्याचे कारणच नव्हते. पुढच्या काळात बदली आलेल्या काही स्लाइडवर तर कंपनीचे नावही नसे, नुसता भागाचा क्रमांक. ग्राहकाच्या खोक्यातला बेमेळ तिथे जमला.

जर्मनांच्या प्रसिद्ध लुगर पिस्तुलाची रीत याच्या अगदी उलट. तिच्या लहान लहान भागांवरसुद्धा त्या पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असत, कारण ते भाग त्याच पिस्तुलासाठी बसवलेले. साफसफाईत त्यांची सरमिसळ होऊन चालत नसे. आज लुगरचे सगळे आकडे जुळले तर संग्राहक दुप्पट आनंदाने पैसे मोजतो.

हे वाचताना बँकेच्या काउंटरवर आयुष्य काढलेल्या माणसाला नोटा आठवल्याशिवाय राहणार नाहीत. आपल्या नोटेवर क्रमांक दोन ठिकाणी छापलेला असतो. एका नोटेचा अर्धा भाग दुसऱ्या नोटेच्या अर्ध्याला चिकटवलेला आढळला, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत अशा बेमेळ नोटेसाठी वेगळी तरतूद आहे. कॅशियरची नजर आधी आकड्यांवर जाते, आणि ते योग्यच आहे. नोटेचे सगळे मोल तिच्या ओळखीत. कागद म्हणून तिचा उपयोग शून्य. पिस्तुलाचे मोल त्याच्या कामात. संग्राहक मात्र पिस्तुलाकडे कॅशियरच्या नजरेने पाहतो. सिंगरच्या त्या ५०० पिस्तुलांना आज त्यांच्या दुर्मिळपणामुळे प्रचंड किंमत येते, आणि जिथे किंमत तिथे खोटी नावे कोरणारेही येतात.

त्यांच्या वाटेला न जाणारे, सरळ मनाचे काही ग्राहकही बेमेळ पिस्तूल घेऊन ते 'मूळ रूपात' आणायला बसतात. रेमिंग्टनची फ्रेम आहे ना, मग रेमिंग्टनचीच स्लाइड, रेमिंग्टनच्याच काळातली नळी, तशीच मूठ. एकेक भाग विकत घेत ते पिस्तूल जुळवतात. शेवटी हाती येते ते अगदी देखणे, पण १९४४ साली कारखान्यातून निघालेले पिस्तूल ते नव्हेच. त्या वर्षी एकमेकांना कधी न भेटलेले भाग आज एकत्र आणलेले असतात. आणि शस्त्रशाळेतल्या कुणा अनाम कामगाराने पेटीतून उचलून जुळवलेली, सैनिकांनी तीस-चाळीस वर्षे वापरलेली खरी जोडी मोडलेली असते. खोट्या नाण्यासारखी ही फसवणूक नव्हे, हे मान्य. तरी पुसला जातो तो खराच इतिहास.

ही वस्तू माणसे मारण्यासाठी घडवली गेली, हे विसरून तिचे कौतुक करता येणार नाही. शिवणयंत्रे आणि टाइपरायटर बनवणाऱ्या हातांना ती घडवावी लागली, हेच त्या काळाचे दुर्दैव सांगायला पुरेसे आहे. पण अदलाबदलीच्या भागांची विद्या बंदुकीपाशी थांबली नाही. तीच पुढे शिवणयंत्रात, टाइपरायटरात, सायकलीत आणि मोटारीत आली. शिवणयंत्राची सुई मोडली तर आज आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी आणतो आणि ती बसते. कारागिराला बोलवावे लागत नाही.

त्या खोक्यातल्या पिस्तुलावर टाइपरायटरवाल्यांचे नाव आहे, क्रमांक कोल्टचा आहे आणि नळी आणखी कुणाची. संस्थेने तपासून, चालवून पाहून ते धाडलेले आहे. ज्याला ते मिळाले त्याने हलवून पाहावे, आवाज ऐकावा आणि भाग बदलण्यापूर्वी फ्रेमवर शस्त्रशाळेचा शिक्का आहे का, तेवढे शोधावे. सापडला तर पिस्तूल कुणाच्या हाताने जुळले याची तीच पावती.