परस्पर बदललेली फाइल

व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल उघडी आहे. तेवढ्यात दुसऱ्याच एका प्रोग्रामने ती परस्पर बदलून टाकली. तुम्ही परत लिहायला वळता, तर व्हिम सावध करतो: फाइल डिस्कवर बदलली आहे! त्याला कुणी सांगितलं? समोर दिसतो तो मजकूर म्हणजे मेमरीतली नक्कल. मूळ फाइलला काय झालं, हे नकलेला कळणार कसं?

एडिटरने फाइल उघडतानाच तिच्या शेवटच्या बदलाची वेळ टिपून ठेवलेली असते. ही वेळ मजकुरात नसते. फाइल सिस्टिम ती वेगळी नोंदवते. ती पुन्हा विचारायची आणि ताडून पाहायची, बस्स! फाइल दोन ओळींची असो की दहा जीबीची, मजकुराचं एक अक्षरही वाचावं लागत नाही.

पण या वेळेवर विसंबायचं किती? गंमत पाहा. पेनड्राइव्हवर अजूनही भेटणाऱ्या फॅट३२ मध्ये ही वेळ अवघ्या १६ बिटांत कोंबलेली असते. तासांना ५ बिट, मिनिटांना ६. सेकंदांसाठी उरले ५, आणि ५ बिटांत मावतात फक्त ३२ आकडे. सेकंद तर ६०! मग? दोन-दोन सेकंदांनीच मोजायचं. त्यामुळे तिथल्या कुठल्याही फाइलच्या बदलाच्या नोंदीत विषम सेकंद सापडतच नाही. त्या फटीत कुणी ५ चा ६ केला, तर वेळ तीच, आकारही तोच. चोरी पचली!

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचा यावरचा तोडगा मला भारी आवडतो. फाइलींच्या नोंदी गिट आपल्या इंडेक्समध्ये ठेवतो. फाइलची वेळ या इंडेक्सच्या वेळेइतकी किंवा नंतरची असेल, तर तो घड्याळावर भरवसाच ठेवत नाही. मुकाट्याने मजकूर उघडून ताडतो.

आणि सारखं विचारत तरी का बसायचं? पोस्टमन आला का म्हणून घडोघडी दार उघडण्यापेक्षा बेल बसवलेली बरी. २००५ मध्ये लिनक्स २.६.१३ मध्ये ही बेल आली, आयनोटिफाय. फाइलवर कुणी लिहिलं की कर्नलच निरोप धाडतो.

तरीही एडिटर हुलकावणी देतातच! पुष्कळ एडिटर सेव्ह करताना जुन्या फाइलला हातच लावत नाहीत. मध्येच काही बिघडलं तरी निदान जुनी प्रत धड राहावी, म्हणून ते नवी फाइल पूर्ण लिहितात आणि मग एका झटक्यात जुनीचं नाव तिला देतात. आयनोटिफायची नजर मात्र नावावर नसतेच, ती असते नावामागच्या आयनोडवर, म्हणजे फाइल सिस्टिममधल्या फाइलच्या मूळ नोंदीवर. नाव तेच, आयनोड दुसरा! पहारा राहिला जुन्या फाइलवरच. म्हणून जाणकार फाइलऐवजी तिच्या फोल्डरवर पहारा ठेवतात. नावांची अदलाबदल होते ती तिथेच.