दाब दिसला, इजा कधी दिसणार?

शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, अक्षर बिघडतं, जिना उतरताना कठडा धरावासा वाटतो. मानेतला मज्जारज्जू झिजलेले मणके आणि फुगलेल्या गाद्या यांच्यात चेपला जाऊ लागला की आजार असा सुरू होतो. बऱ्याचदा 'वय झालं' म्हणून तो अंगावर काढला जातो. निदान व्हायला सरासरी दोन वर्षांहून जास्त काळ जातो, असं अभ्यासांत आढळलं आहे. मेलेले तंतू परत येत नाहीत, त्यामुळे गेलेला काळ भरून काढता येत नाही.

हा दाब डोळ्यांनी पाहायची धडपड शंभर वर्षांची आहे. 1921 मध्ये पॅरिसमध्ये सिकार आणि फोरेस्टिए यांनी खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळून ते कण्यात सोडलं आणि एक्स-रेवर अडथळा टिपला. तेल शरीरातच राहायचं, त्रासही द्यायचं. 1952 मध्ये इंग्लंडमध्ये रसेल ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेच्या मणक्यांची झीज आणि मज्जारज्जूची इजा यांचा संबंध सविस्तर मांडला. पुढे सीटी आला. पण या सगळ्या तपासण्यांत हाड दिसे, रंगद्रव्याची रेघ दिसे. खुद्द मज्जारज्जू मात्र सावलीसारखाच राही.

1980 च्या दशकात एमआरआयने तो पडदा उचलला. सुई न टोचता मज्जारज्जू दिसू लागला, त्यात कधी टी-२ या प्रकारच्या एमआरआय चित्रावर इजेची खूण मानला जाणारा पांढरा डागही उमटे. आता सगळं कळेल, असं वाटलं होतं. तसं झालं नाही. जपानमध्ये काहीही तक्रार नसलेल्या बाराशेवर लोकांच्या मानेचा एमआरआय काढला, तर बहुतेकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या, आणि सुमारे पाच टक्के लोकांचा मज्जारज्जूसुद्धा दबलेला होता. उलट, डाग नसतानाही काहींची चाल बिघडत होती. कोण किती चेपतंय हे चित्र सांगत होतं. आतले तंतू शाबूत आहेत की नाहीत, हे सांगत नव्हतं. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच.

उत्तर पाण्याच्या हालचालीत सापडलं. चेतातंतूंच्या लांबीच्या दिशेनं पाण्याचे रेणू सहज सरकतात, आडवे जाताना मात्र तंतूंची आवरणं त्यांना अडवतात. तंतू तुटले, आवरण झिजलं की दोन्ही दिशांमधला हा फरक कमी होतो. 1994 मध्ये बासर, मॅटिएलो आणि ल बिहां यांनी हा फरक आकड्यांत मांडायची रीत दिली. तिलाच डीटीआय म्हणतात. मेंदूसाठी ती लवकर रुळली. मानेनं मात्र घाम काढला. मज्जारज्जू जेमतेम सव्वा सेंटीमीटर रुंद, भोवती चित्र वाकडं करणारी हाडं, श्वास आणि नाडीच्या ठोक्याबरोबर सतत हलणारा. 3 टेस्लाची, जास्त ताकदीच्या चुंबकाची एमआरआय यंत्रं आली, माँट्रियलमध्ये कोहेन-अदाद यांच्या गटानं मज्जारज्जू मोजणारी खुली संगणकप्रणाली उभी केली, तेव्हा कुठे आकडे विश्वासार्ह होऊ लागले. झुरिचच्या संशोधकांनी दाबाच्या जागेपासून वर, जिथे कुठलंही हाड रुतत नाही, तिथेही मज्जारज्जू झिजलेला दाखवला.

2018 मध्ये टोरोंटोतून मार्टिन आणि फेहलिंग्ज यांच्या गटाचं काम आलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. दाब आहे पण त्रास नाही, अशा लोकांच्या मज्जारज्जूतही सूक्ष्म बदल आढळले. म्हणजे बटणं लावताना बोटं अडखळायच्या आधीच इजा सुरू झालेली असू शकते.

2017 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत मध्यम आणि तीव्र आजाराला शस्त्रक्रिया सुचवली आहे. सौम्य आजारात दोन वाटा ठेवल्या आहेत: शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखालचे व्यायाम. डीटीआयसारख्या मोजमापांच्या आकड्यांची खरी गरज नेमकी या दुवाटेवर आहे. पण यंत्रागणिक आकडे बदलत. 2021 मध्ये अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून चित्रण करायची एक सामायिक पद्धत प्रसिद्ध केली, ती यासाठीच. तरीही बहुतेक रुग्णालयांत निर्णय आजही टी-२ चित्र, रुग्णाची चाल आणि गुडघ्यावरच्या हातोडीच्या ठोक्यावरच होतो.