गुडघाभर पाणी

आषाढ पौर्णिमेला भिक्खू वर्षावासाला बसतात. पावसाळ्यात गावोगाव फिरणे थांबवून एका ठिकाणी राहायचे, हा भगवान बुद्धांच्या काळापासूनचा नियम. आणि आपण संसारी माणसे नेमकी त्याच दिवसांत घराबाहेर पडतो. कार्ले-भाज्याची लेणी पाहायची, तिथून भुशी धरणावर जाऊन भिजायचे, भजी आणि भाजलेले कणीस खायचे आणि संध्याकाळच्या लोकलने परत यायचे, ही आपल्या वस्त्यांमधली ठरलेली सहल. त्यात वावगे काहीच नाही. आठवडाभर कारखान्यात, कचेरीत आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्यांनी एक दिवस पावसात काढला तर त्याचा हिशेब कुणी मागू नये. मी स्वतः मंडळाच्या अशा कितीतरी सहली नेल्या आहेत. वर्गणी गोळा करणे, तिकिटे काढणे, डबे मोजणे ही कामे कारकुनाच्या वाट्याला येतातच.

पण वाचकहो, गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी जे घडले ते सांगितल्याशिवाय पुढची सहल नेण्याचा मला अधिकार नाही, असे वाटते. म्हणून हा लेख.

आम्ही पाच मित्र. एकाची सासुरवाडी लोणावळ्यापासून पाच-सहा किलोमीटरवर, कुरवंड्याला. नागफणीचा सुळका ज्या गावामागे उभा आहे ते हे गाव. येथूनच कोकणात उतरणाऱ्या घाटाने १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची फौज खाली गेली आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या हाती सापडली. पण मला त्या दिवशी ओढ होती ती इंद्रायणीची. देहू-आळंदीची इंद्रायणी याच कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते आणि पुढे तुळापूरला भीमेला मिळते. एवढी मोठी नदी जन्मताना कशी दिसते ते पाहावे, एवढाच बेत होता.

लोकलमध्ये सगळा वेळ बोलत होता तो आमच्यातला फिटर. हा गडी दिवाळीनंतर कंपनीतल्या मित्रांबरोबर मालवणला जाऊन स्कूबा करून आला होता. तेव्हापासून आम्ही त्याला पाणबुड्याच म्हणतो. पाठीवर टाकी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात नळी आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात सहा-सात मीटर खाली. त्याच्याकडून बऱ्याच गोष्टी कळल्या. मी समजत होतो की टाकीत ऑक्सिजन असतो. तसे नाही. साधी हवाच दाबून भरलेली असते, कारण निव्वळ ऑक्सिजन खोल पाण्यातल्या दाबाखाली घातक ठरतो. दहा मीटर खाली गेले की शरीरावरचा दाब पृष्ठभागापेक्षा दुप्पट होतो. कान दुखू लागतात, म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच हवा सोडायची. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, आणि वर येताना तर मुळीच नाही, कारण दाब कमी झाला की छातीतली हवा फुगते आणि फुफ्फुसाला इजा होते.

"आणि प्रवाह असला तर?" मी विचारले.

"प्रवाह होताच की," तो म्हणाला. "त्या दिवशी ओढ एवढी होती की हात मारून मारून दमलो, तरी जागचा हललो नाही. मग त्या पोराने खूण केली, हात मारू नका, दोरी धरा."

तिकडची मुले समुद्राचे वेळापत्रक ओळखून असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची ये-जा जोराची, अष्टमीच्या सुमाराला भांगाचे दिवस, तेव्हा मंद. भरती संपून ओहोटी लागण्याच्या मध्ये पाणी थोडा वेळ थांबल्यासारखे होते, जाणकार बुडी मारणारे ती वेळ साधतात. एकट्याने कुणी खाली जात नाही, जोडीदार हवाच. पावसाळ्यात तर हा सगळा व्यवहार बंदच असतो. हे सगळे पाणबुड्याने आम्हाला ऐकवले. आम्ही कौतुकाने ऐकले. गाडी लोणावळ्यात शिरली तेव्हा बाहेर काही दिसत नव्हते, इतका पाऊस.

कुरवंड्यात मित्राच्या सासऱ्यांनी, आबांनी, चहा पाजला. भाताची लावणी चालू होती. आबा स्वतः इरले घेऊन निघाले आणि खाचरांच्या बांधावरून आम्हाला ओढ्याकडे घेऊन गेले. रुंदी जेमतेम आमच्या चाळीच्या गॅलरीएवढी. पाणी गढूळ, गुडघ्याच्या खाली. पलीकडे छान हिरवा उतार होता आणि पाणबुड्याला तिथे उभे राहून फोटो हवा होता.

आबा म्हणाले, "पाव्हणं, थांबा जरा. वर माळावर पडतंय."

पाणबुड्या हसला. "आबा, मी समुद्राच्या तळाला जाऊन आलोय. हे तर गुडघाभर पाणी."

तिसऱ्या पावलाला त्याचा पाय शेवाळावरून सरकला. एवढेच झाले. कुठलाही लोंढा आला नाही, मोठा आवाज झाला नाही. तो खाली बसला आणि बसल्या बसल्या निघाला. उठायला गेला की पुन्हा आपटायचा. पंधरा-वीस पावलांवर ओढा दोन मोठ्या दगडांमधून खाली उडी घेत होता, ते आम्हाला काठावरून दिसत होते.

मी काय केले ते लिहितो. मी उभा राहिलो. सभांमधून तासभर बोलणारा मी, माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आमच्यातला एक जण पाण्यात उडी टाकायला निघाला, त्याला आबांनी दंडाला धरून मागे ओढले आणि ओरडले, "आरं उठू नगंस! उताना व्हय! पाय खालच्या अंगाला कर!" तो उताणा झाला. आबा काठाकाठाने धावले, खांद्यावरचा कासरा त्याच्या पुढ्यात टाकला आणि म्हणाले, "धर, आन् तिरपा ये. सरळ नगं, तिरपा." कासरा हातात आला. मग आम्ही चौघांनी ओढला. त्याचा गुडघा फाटला, चष्मा आणि एक चप्पल इंद्रायणीला गेली. बाकी सलामत.

पंधरा मिनिटांनी त्याच जागी पाणी मांडीच्या वर होते. वर माळावर पडलेला पाऊस खाली पोचला होता. आम्ही उभे होतो तिथे तोवर पाऊस थांबलासुद्धा होता.

जखमेवर हळद दाबून पाणबुड्या ओसरीत बसला होता. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तिकडं टाकीला त्या पोराचा हात होता. मी पोहत नव्हतो, तो मला नेत होता." नंतर कळले की त्याला पोहता येत नाही. मालवणला न पोहणाऱ्यालाही खाली नेतात, कारण बरोबर प्रशिक्षक असतो. आम्हा पाचांपैकी एकालाही पोहता येत नव्हते, आणि ही गोष्ट आम्ही एकमेकांना त्या दिवसापर्यंत विचारलीही नव्हती.

घरी आल्यावर मी थोडे वाचले, दोन-चार जाणकारांना विचारले. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे वेगाचे पाणी अवघे १५ सेंटीमीटर खोल असले तरी मोठ्या माणसाचा तोल जाऊ शकतो. आबा 'उठू नकोस' का म्हणाले तेही समजले. वाहत्या पाण्यात उभे राहायला गेले आणि पाऊल दोन दगडांत अडकले, तर पाणी मागून ढकलत राहते, माणूस पुढे वाकतो आणि कमरेएवढ्या पाण्यातही बुडतो. उताणे होऊन पाय पुढे ठेवले तर दगड पायांनी झेलता येतो आणि तोंड वर राहते. पाण्याच्या विरुद्ध हात मारायचे नाहीत, तिरपे होत काठ गाठायचा. मालवणच्या पोराची खूण आणि कुरवंड्याच्या शेतकऱ्याची हाक, दोन्हींचा अर्थ एकच. मात्र समुद्राच्या ओढीला पंचांग आहे, डोंगरातल्या ओढ्याला ते नाही.

३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या बाजूला जो धबधबा आहे, तिथे पुण्याच्या हडपसर भागातले एक मोठे कुटुंब आले होते. पाणी वाढले आणि एक स्त्री व चार मुले वाहून गेली. प्रवाहाच्या मध्ये एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसे आपल्यापैकी अनेकांनी चित्रफितीत पाहिली असतील. काठावर माणसे होती, हाकाही मारत होती. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र पथकासह अनेकांनी शोध घेतला, तो दुसऱ्या दिवशीही चालला. गढूळ पाण्यात खाली उतरणाऱ्याला स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, चाचपडतच शोधावे लागते. मालवणची रंगीत मासळी दाखवणारी बुडी वेगळी आणि ही वेगळी. नंतर जिल्हा प्रशासनाने बंदी आदेश काढले, फलक लागले. त्यानंतरच्या वर्षी, १५ जून २०२५ ला, पुन्हा रविवारीच, याच इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल सहलीला आलेल्या गर्दीखाली कोसळला आणि चार जण गेले.

अशा वेळी 'लोकांना अक्कल नाही' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. भुशी धरण रेल्वेने बांधले ते वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून. ते ज्याच्या त्याच्या ओळखीचे झाले, कारण तिकडे जायला लोकलचे तिकीट पुरते. ज्यांना हॉटेलचा तरणतलाव परवडत नाही ते धबधब्याखाली उभे राहतात. त्यांना दोष देण्याआधी त्यांना पोहायला कुणी शिकवले, हे विचारावे.

माझ्या वडिलांना पोहता येत नव्हते. त्यांच्या गावात मुले विहिरीत शिकत, कमरेला भोपळ्याची सांगड बांधून. थोरला भाऊ धाकट्याला ढकलायचा, चार गटांगळ्या खाल्ल्या की पोरगा पोहू लागायचा. पण त्या विहिरीच्या पायऱ्या आमच्या माणसांना उतरता येत नसत. पाणी वरून मिळायचे, तेही कुणाला दया आली तर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्या तळ्याचा कोर्टातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ज्या पाण्याला हात लावायला एवढे झगडावे लागले, त्यात पोहायला आमचे आजोबा कधी शिकणार होते? वडील शिकले नाहीत म्हणून त्यांनी मला शिकवले नाही, आणि मी माझ्या मुलाला. पाणी जात विचारून बुडवत नाही हे खरे. भुशीला गेलेले कुटुंब आपल्या समाजाचे नव्हते. तरीही आम्हा पाचांपैकी एकालाही पोहता येऊ नये, हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही.

मंडळाच्या पुढच्या सहलीच्या यादीत डब्यांबरोबर आता वीस मीटर जाड दोरी आहे. कुणी वाहू लागले तर ती, नाहीतर ओढणी, साडी, काठी, जे असेल ते पुढे करायचे. मागोमाग उडी घ्यायची नाही आणि हातात हात धरून साखळी करून पाण्यात उतरायचे नाही, कारण एक सुटला की सगळे जातात. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पालापाचोळा, काटक्या येऊ लागल्या की मुलांना उचलून बाहेर निघायचे, फोटो राहिला तर राहू द्यावा. ११२ हा क्रमांक बायकामुलांसकट सर्वांना पाठ हवा. आणि गावातला माणूस थांबा म्हणाला तर थांबावे. आबा शाळेत किती शिकले ते मी विचारले नाही.

पाणबुड्याच्या घरी काही सांगायचे नाही, असे आम्ही परतीच्या लोकलमध्ये ठरवले होते. गुडघा पाहून वहिनींनी दारातच विचारले आणि आमचे ठरलेले तिथेच संपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला निरोप पाठवला, "भाऊजी, सहली नेता तसा पोहायचा क्लासही काढा."

क्लास काढण्याइतकी ऐपत नाही. पण महापालिकेच्या तरणतलावावर आम्ही पाचही जणांनी नावे घातली. माझा मुलगा आणि पाणबुड्याच्या दोन्ही मुलीही येतात. त्या मुली पंधरा दिवसांत पोहू लागल्या. पाणबुड्या आता रुंदी पार करतो. मी सेहेचाळीस वर्षांचा माणूस अजून कठड्याचा पाइप धरून असतो. शिकवणारा मुलगा माझ्या मुलाहून थोडा मोठा असेल. तो रोज म्हणतो, "काका, मान सैल सोडा, पाणी धरतं आपल्याला." मान सोडली की मला तो ओढा दिसतो. गेल्या शुक्रवारी पाइप सोडून उताणा राहिलो. त्याने मोठ्याने अंक मोजले, अकरापर्यंत.