फॉरमॅट मारण्याआधी

कॉम्प्युटर बिघडला की आपल्याकडचा दुरुस्तीवाला आधी विचारतो, "डेटा महत्त्वाचा आहे का?" नाही म्हटले तर लगेच फॉरमॅट मारतो, आहे म्हटले तर डेटा बाजूला काढून मग मारतो. संध्याकाळपर्यंत मशीन चालू होते, त्यामुळे गिऱ्हाइकाची तक्रार राहत नाही. पण नेमके काय बिघडले होते हे त्याला कळत नाही, आपल्याला तर नाहीच. मूळ कारण तसेच राहिले असेल तर तेच दुखणे घेऊन ते मशीन पुन्हा त्याच टेबलावर येते.

लिनक्सकडे वळलेली माणसे ही सवय बरोबर घेऊन येतात. आवाज येत नाही, मग उबंटू पुन्हा टाकू. वायफाय दिसत नाही, मग मिंट हे लिनक्सचे दुसरे वितरण टाकून बघू. बिघाड लिनक्सवरही होतात आणि ते होत नाहीत असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण इथे बिघाडाचे कारण बहुतेक वेळा मशीनमध्येच लिहून ठेवलेले असते आणि ते वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. फॉरमॅट मारणे म्हणजे ती नोंद न वाचताच पुसून टाकणे.

हा विषय आता काढण्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे शाळा, पतसंस्था आणि छोट्या कार्यालयांमधली चांगली चालणारी असंख्य यंत्रे उघड्यावर पडली आहेत. त्यातली बरीच लिनक्सवर आणखी काही वर्षे सुखाने काम करतील. अट एवढीच की अडचण आली तर ती शोधता येणारे माणूस जवळपास हवे.

लिनक्स ज्यातून उभे राहिले त्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची सुरुवातच एका प्रिंटरच्या कटकटीतून झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडकायचा. कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जावा, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरसाठी केलेली होती. नव्या प्रिंटरसाठी ती करायला मूळ प्रोग्राम हवा होता आणि तो त्यांना मिळाला नाही. दुरुस्तीची तयारी असलेल्या माणसाला दुरुस्ती करू दिली जात नाही, हे त्यांना इतके लागले की १९८३ मध्ये त्यांनी ग्नू हा मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीतला विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स याने लिहिलेला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, त्याला जोडला गेला आणि आज आपण वापरतो ती प्रणाली उभी राहिली.

प्रिंटरचा त्रास मात्र संपलेला नाही. लिनक्सवर छपाईचे काम कप्स ही प्रणाली पाहते. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' लिहून पुढे ६३१ हा पोर्ट दिला की तिचे पान उघडते. प्रिंट निघत नाही तेव्हा माणसे ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, पण आधी हे पान पाहावे. पुष्कळदा एखादे काम फसल्यावर कप्सने प्रिंटर थांबवलेला असतो आणि मागची सगळी कामे रांगेत तुंबलेली असतात. अडकलेले काम रद्द करून प्रिंटर पुन्हा सुरू केला की भागते. अलीकडचे नेटवर्कवर चालणारे बहुतेक प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवायच ओळखले जातात. आपल्या झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र कंपनीच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो आणि लिनक्सवर तो चालवताना चांगलीच दमछाक होते. नवा प्रिंटर घेताना लिनक्सवर ड्रायव्हरशिवाय चालतो का, एवढे दुकानात विचारून घ्यावे. पुढचा सगळा मनस्ताप वाचतो.

आवाजाची कहाणी थरांची आहे. सर्वांत खाली कर्नलमधली अल्सा, तिच्यावर अनेक वर्षे पल्सऑडिओ आणि आता पाइपवायर. फेडोरा या वितरणाने २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीत पाइपवायर आणले, उबंटूने पुढच्या वर्षी २२.१० मध्ये. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा उपाय आज चालेलच असे नाही, उलट जुन्या आज्ञा आंधळेपणाने चिकटवल्याने चांगली व्यवस्था मोडते. आवाज गेला की पहिला प्रश्न असा, की तो खरेच गेला आहे की दुसरीकडे चालला आहे? एचडीएमआयने मॉनिटर जोडला असेल तर आवाज त्या मॉनिटरकडे जातो आणि मॉनिटरला स्पीकरच नसतात. सेटिंगमध्ये आउटपुट बदलले की झाले. तिथे आउटपुटच दिसत नसेल, तर मात्र ड्रायव्हर किंवा फर्मवेअरकडे वळावे.

फर्मवेअर म्हणजे वायफाय कार्डाच्या आत चढवायचा छोटा प्रोग्राम. तो कंपनीच्या मालकीचा आणि बंद असल्यामुळे डेबियनसारखे तत्त्वाचे पक्के वितरण तो अनेक वर्षे आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. नवख्या माणसाची कोंडी व्हायची, कारण इंटरनेटसाठी फर्मवेअर हवे आणि फर्मवेअरसाठी इंटरनेट. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच मिळू लागले. मला हा निर्णय योग्य वाटतो. तत्त्वाचा आग्रह धरायला आधी माणूस आत यायला हवा. अजूनही वायफाय अडलेच, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावे आणि त्या नेटवर हवे ते उतरवून घ्यावे.

एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डांबद्दल थोडक्यात. ड्रायव्हर टाकल्यावर, सिक्युअर बूट चालू असेल तर, पुढच्या बूटला एक निळा पडदा येतो आणि किल्ली नोंदवायला सांगतो. घाबरून तो ओलांडला की ड्रायव्हर चढत नाही. ड्रायव्हर टाकताना ठरवलेला पासवर्ड तिथे द्यायचा असतो, एवढेच.

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर ठेवणाऱ्यांना भारतात एक खास अनुभव येतो. लिनक्स वापरून झाल्यावर विंडोज उघडले की घड्याळ नेमके साडेपाच तास मागे दिसते. बॅटरी गेली असे समजून मदरबोर्डचा सेल बदलणारेही आहेत. खरे कारण असे, की मशीनच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज त्याच वेळेला स्थानिक वेळ समजते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगणारी एक ओळीची आज्ञा आहे. ती दिली की भांडण मिटते. त्याच जोडगोळीतली दुसरी तक्रार म्हणजे विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून काही लिहिता येत नाही. त्यामागे विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' असते. शटडाउन केले तरी विंडोज अर्धे झोपलेलेच राहते आणि त्याची डिस्क लिनक्स सावधपणे फक्त वाचण्यापुरती उघडते. हा सावधपणा आपल्या फाइलींसाठीच आहे, तो जबरदस्तीने मोडू नये. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावे.

निदान म्हणजे काय, हे समजायला मला लॉगिनच्या फेऱ्याचे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते. पासवर्ड बरोबर आहे, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा पासवर्डच विचारला जातो. इथे हमखास फॉरमॅट मारला जातो. खरे तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबले की साधा अक्षरी पडदा उघडतो आणि त्यावर त्याच नावाने आत जाता येते. आत जाता आले, याचा अर्थ पासवर्ड, खाते आणि डिस्क शाबूत आहेत, अडचण चित्रमय पडद्यापुरती आहे. मग 'डीएफ' ही आज्ञा देऊन डिस्कवर जागा किती उरली ते पाहावे. शंभर टक्के भरली असेल तर कारण सापडले. लॉगिन करताना प्रणालीला छोट्या फाइली लिहाव्या लागतात आणि त्यांना जागाच नाही. जुनी डाउनलोड, कचरापेटी, पॅकेजांचा साठा काढला की दार उघडते. जागा पुरेशी असेल तर दुसरी शक्यता पाहायची. कधीतरी एखादा खिडकीवाला प्रोग्राम सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या (रूटच्या) अधिकाराने चालवलेला असतो आणि आपल्या घरच्या फोल्डरमधल्या एखाद्या लपलेल्या फाइलची मालकी रूटकडे गेलेली असते. ती परत आपल्या नावावर केली की काम होते. लक्षण एकच, पण कारणे दोन आणि उपाय अगदी वेगळे. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय पुडी बांधत नाही, तसेच हे आहे.

नाडी पाहण्याचे साधन म्हणजे जर्नल. आजच्या बहुतेक वितरणांत सिस्टिमडी ही यंत्रणा प्रत्येक घटनेची नोंद ठेवते आणि 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने ती वाचता येते. आदल्या वेळी मशीन चालू असताना शेवटी काय झाले, फक्त चुकांच्या ओळी कोणत्या, असे वेगळे काढून पाहता येते. रात्री अचानक बंद पडलेल्या मशीनबद्दल दुसऱ्या दिवशी तर्क लढवत बसण्यापेक्षा त्या शेवटच्या वीस-पंचवीस ओळी वाचाव्यात. सगळे कळणार नाही, पण डिस्कचे नाव, एखाद्या ड्रायव्हरचे नाव, तापमानाचा इशारा असे काहीतरी हाती लागते.

अपडेट चालू असताना वीज जाणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग. ईएक्सटी४ ही फाइलव्यवस्था आपल्या बदलांची नोंद ठेवते, त्यामुळे डिस्क सहसा सावरते. अर्धवट राहिलेली पॅकेजे डेबियन, उबंटू आणि मिंटवर डीपीकेजी या पॅकेजांच्या साधनाला 'उरलेले पूर्ण कर' असे सांगून जोडून घेता येतात. नवा कर्नल उठतच नसेल, तर बूट होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतल्या प्रगत पर्यायांत जुना कर्नल थांबलेलाच असतो. तो निवडून आत यावे. आणि 'कुलूप मिळाले नाही' असा संदेश आला, तर बहुधा मागे आपोआप अपडेट चालू असते. कुलपाची फाइल उडवू नये, थोडे थांबावे.

मराठीच्या तक्रारी वेगळ्या विभागातल्या. जोडाक्षरे तुटण्याचे दिवस बव्हंशी सरले. लिबरऑफिसने २०१७ मध्ये ५.३ आवृत्तीपासून सर्वत्र हार्फबझ हे अक्षरजुळणीचे इंजिन घेतले. मुक्त परवान्याच्या लोहित फॉन्टांची निगा रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी राखली. 'दऱ्या' लिहिताना 'दर्या' होत असेल, तर इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबून ऱ घ्यावा आणि मग हलन्त व य. लिबरऑफिसच्या फॉन्टच्या चौकटीत देवनागरीचा वेगळा रकानाच दिसत नसेल, तर भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची खूण करावी. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत केलेली पत्रके मात्र लिनक्सवर निरर्थक रोमन चिन्हे म्हणून उघडतात. त्यात लिनक्सचा दोष नाही, तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही मशीनवर हेच होईल. असा मजकूर एकदा युनिकोडमध्ये आणून ठेवणे हाच कायमचा उपाय आणि तो लवकर करावा.

काही गोष्टी कितीही शोधाशोध केली तरी सुटणार नाहीत, हेही सांगायला हवे. टॅलीची लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्ती नाही. फोटोशॉप नाही. त्यांच्यावरच ज्यांचे पोट आहे, त्यांनी ते मशीन विंडोजवर ठेवावे, त्यात कमीपणा काही नाही.

किरकोळ वाटणारी अडचण नीट शोधली तर ती कुठवर नेते, याचे उदाहरण मार्च २०२४ मधले आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांच्या डेबियनच्या चाचणी मशीनवर दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागू लागला. त्यांनी तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. माग काढत ते एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनापाशी पोहोचले, तेव्हा त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत जाणूनबुजून ठेवलेला चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पाचा विश्वास संपादन केला होता. मुख्य वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत तो शिरण्याआधीच जगाला कळले. कोड बंद असता, तर फ्रॉइंड यांना मागाच्या शेवटपर्यंत जाता आले नसते.

अडचण स्वतः शोधण्याची ही समज केरळने शाळेत नेली. तिथल्या सरकारी शाळांत अनेक वर्षे मुक्त प्रणाली चालते, शिक्षकांना तिचे प्रशिक्षण मिळते आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' क्लबांमधून मुलेही तंत्रज्ञान हाताळतात. महाराष्ट्रात पवईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतूनही देतो, पण त्यांचा वापर आपल्या शाळांनी अजून मनावर घेतलेला नाही. शिक्षण विभागाने जुनी मशीन भंगारात काढण्याआधी प्रत्येक तालुक्यातल्या किमान काही शिक्षकांना लिनक्सवरचे बिघाड शोधायला शिकवावे.

तुमच्याकडे असे एखादे जुने मशीन असेल, तर आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. हार्डडिस्कला हात लागत नाही. मगच लिनक्स टाका आणि टाकताना आपल्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. पुढे अडचण सुटली, की मशीनचे मॉडेल, वितरणाची आवृत्ती, आलेला संदेश, सापडलेले कारण आणि उपाय एवढे मराठीत लिहून ठेवा आणि गावातल्या पुढच्या माणसाला द्या.