सह्याद्रीवरची घुसळण

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि पसरणीचा घाट उतरून वाईला जावं तर तो हजाराच्याही आत येतो. शालेय पुस्तकातलं उत्तर ठरलेलं आहे: वारे डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात, पाऊस देतात. १९६६ मध्ये हवामानशास्त्रज्ञ आर. पी. सरकार यांनी हीच कल्पना पश्चिम घाटासाठी गणितात बसवली आणि पावसाची ढोबळ वाटणी तीतून बऱ्यापैकी उलगडली. पण किती वाफेचं पाणी होतं, एवढंच चढण सांगते. ते पाणी ढगातून खाली कसं उतरतं, हा प्रश्न वेगळा आहे, आणि माझ्या मते त्याचं उत्तर वाऱ्याच्या खळबळीत आहे.

वेळेचा हिशेब करून पाहा. ढगातल्या कणाची त्रिज्या साधारण एक शतांश मिलिमीटर असते. एक मिलिमीटर त्रिज्येचा थेंब व्हायला असे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. सेकंदाला दहा मीटरच्या वाऱ्याला कोकणच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतचं पंधरा किलोमीटर अंतर कापायला अवघी पंचवीस मिनिटं पुरतात. नुसती वाफ साचून थेंब तेवढा वाढायला अनेक तासही अपुरे पडतील. त्यातून जुलैत घाटावरचे बरेच ढग बुटके असतात. त्यांचा माथा हिमांक पातळीच्या, म्हणजे सुमारे पाच किलोमीटरच्या, खालीच राहतो, त्यामुळे बर्फकणांची जवळची वाटही बंद. उरते ती कणांची टक्कर. पण सारख्या आकाराचे कण सारख्याच वेगाने पडतात, ते एकमेकांना गाठणार कसे? भोवरे त्यांना वेगवेगळ्या वेगाने फेकतात, म्हणून.

हे भोवरे कुठून येतात ते नाणेघाटात दिसतं. भर पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी वारा उलट माथ्यावर फेकतो. दरीतून उभा चढलेला प्रवाह कड्याच्या कडेला वेगावतो, पुढे जमिनीपासून सुटतो, आणि वरखालच्या थरांच्या वेगातल्या फरकामुळे गिरक्या घेतो. १९९९ मध्ये आल्प्समध्ये आणि २००१ मध्ये ओरेगॉनच्या कॅस्केड पर्वतात रडारने टिपलेल्या नोंदींवरून रॉबर्ट हाउझ आणि सोकोरो मेदिना यांनी हेच मांडलं: वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर असे उसळते प्रवाह पाऊस लवकर पाडतात. तिथले ढग थंड, बर्फकणांचे. म्हणून तो निष्कर्ष सह्याद्रीला जसाच्या तसा लावता येत नाही. तरी टक्कर वाढवण्याचं तत्त्व दोन्हीकडे एकच.

यावर रास्त आक्षेप असा, की खळबळ बाहेरची कोरडी हवा ढगात ओढते आणि कण सुकवते. खरं आहे. पण जुलैत कोकणाच्या अंगाची खालची हवा आधीच जवळजवळ ओथंबलेली असते, म्हणून तिथे नुकसान थोडं आणि लाभ मोठा. माथा ओलांडून हवा खाली उतरते, तापते, कोरडी होते. तिथे तीच घुसळण ढग खाऊन टाकते. पाचगणी-वाईच्या आकड्यांत उतरत्या हवेसोबत या झिजेचाही वाटा असावा. दुसरा आक्षेप समुद्राचा: बराच पाऊस घाटाला पोहोचण्याआधीच अरबी समुद्रावर जन्मतो. असेलही. पण वरून पडणाऱ्या त्या थेंबांना माथ्यालगतच्या खालच्या ढगातून जाताना आणखी पाणी मिळतं, आणि तो ढग किती दाट, हे पुन्हा उतारावरच्या उसळ्या ठरवतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची मेघ-भौतिकी प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरला आहे, ती यासाठीच मोलाची वाटते. कारण २०२५ मध्ये सुरू झालेली हवामान अंदाजाची भारत फोरकास्ट सिस्टीम सहा किलोमीटरच्या चौकटीत हवेचं गणित मांडते. शे-दोनशे मीटरचा भोवरा त्या चौकटीत मावून जातो, म्हणून तो सूत्राने अंदाजावा लागतो. आणि सूत्र तपासायला माथ्यावरच्या एका ठिकाणच्या नोंदी पुरत नाहीत, पायथ्यापासून माथ्यापर्यंत ओळीने पर्जन्यमापकं हवीत.