कामाजोगा धातू
(किनारी प्रदेशातील फाटके, खिडक्या, छपरे व भांडी यांच्या निमित्ताने)

गोमंतकाची माती तांबडी दिसते ती तिच्यातील लोहामुळे. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत ज्या खनिजाचे उत्खनन होत आले, ते मुख्यत्वे लोह व प्राणवायू यांचे संयुग होय. भट्टीत कोळशाच्या साहाय्याने त्यातील प्राणवायू काढून घेतला म्हणजे लोखंड हाती येते. परंतु अशा रीतीने बळाने विलग केलेली ही जोडी पुन्हा एकत्र येण्याची संधी शोधीत असते. पाणी व हवा मिळाली की शाळेचे फाटक अथवा विहिरीवरील जाळी हळूहळू पुन्हा तांबड्या मातीच्या वळणावर जाऊ लागते. यालाच गंज म्हणतात. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस आणि त्यात समुद्रावरून येणारी खारी हवा, यांमुळे या प्रदेशात ही क्रिया विशेष वेगाने होते. सार्वजनिक पैशातून उभारलेले काम दोन-चार पावसाळ्यांतच खिळखिळे होते, तेव्हा दोष बहुधा कारागिराच्या हातापेक्षा धातूच्या निवडीत असतो.

पोलाद

जोडकामाच्या दुकानात ज्याला सरसकट 'लोखंड' म्हटले जाते, ते वस्तुतः सौम्य पोलाद असते. त्यात कार्बनचे प्रमाण पाव टक्क्याहून कमी असते. त्यामुळे ते वाकविता येते, कापता येते आणि त्याचे वेल्डिंगही सुलभ होते. गज, पट्टी, अँगल, चौकोनी नळी व पत्रा ही त्याचीच रूपे. बिडात मात्र कार्बन दोन ते चार टक्के असल्याने ते दाब सोसते, पण घाव बसताच तडकते. म्हणून मोरीवरची झाकणे व यंत्रांची बैठक यांसाठी बीड, तर फाटक, जिना व छपराच्या कैच्या यांसाठी सौम्य पोलाद, अशी विभागणी रूढ झाली आहे.

सौम्य पोलाद स्वस्त व बळकट आहे, पण त्याला संरक्षण लागते. गंजावर चढविलेला रंग टिकत नाही. प्रथम तारेच्या ब्रशाने गंज व वेल्डिंगची खपली काढावी, किनाऱ्यालगत असल्यास गोड्या पाण्याने मीठ धुऊन पृष्ठभाग पूर्ण वाळवावा, आणि मग अस्तराचे दोन हात देऊन वर रंग लावावा. चौकोनी नळीचे फाटक पुष्कळदा आतून गंजते. वरची उघडी तोंडे पत्रा जोडून बंद केली व खाली पाणी निथळण्यास लहान छिद्र ठेवले, तर त्याचे आयुष्य बरेच वाढते.

जस्ताचा लेप

सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापलेल्या वितळत्या जस्तात पोलाद बुडवून काढले की त्यावर जस्ताचा थर बसतो. छपराचे जस्ती पत्रे व पाण्याचे नळ असेच तयार होतात. या लेपाचे वैशिष्ट्य असे की तो केवळ झाकण नव्हे. लहानसा ओरखडा पडला तरी उघड्या पोलादाऐवजी भोवतालचे जस्त स्वतः झिजते व पोलादास वाचविते. रंगाला हे साधत नाही.

मात्र जस्त ९०७ अंशांवर वाफ होऊन उडून जाते आणि पोलाद वितळण्यास सुमारे १,५०० अंश लागतात. साहजिकच जस्ती नळीचे वेल्डिंग केले की सांध्यापाशी लेप उरत नाही आणि गंज तेथूनच सुरू होतो. म्हणून शक्य तेथे फाटक साध्या पोलादाचे पूर्ण तयार करावे व नंतर जस्तात बुडवून घ्यावे. अशा वेळी बंद नळ्यांना आधी छिद्रे ठेवणे अत्यावश्यक आहे, अन्यथा आत कोंडलेली हवा व ओलावा तापून नळी फुटू शकते. ते शक्य नसल्यास प्रत्येक सांधा घासून त्यावर जस्तयुक्त रंग द्यावा.

जस्ताच्या या पांढऱ्या धुराने कारागिरास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. दूध प्याल्याने वा गूळ खाल्ल्याने हा धूर अडत नाही. काम मोकळ्या हवेत करावे, योग्य मुखवटा वापरावा आणि जोडावयाच्या भागावरील लेप आधी घासून काढावा.

स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियम

पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले असता पृष्ठभागावर एक अदृश्य, चिवट पापुद्रा तयार होतो व तो ओरखडल्यास पुन्हा जमतो. भांड्यांसाठी व कठड्यांसाठी प्रचलित असलेल्या '३०४' प्रकारात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. समुद्राकाठी मात्र मिठाच्या थराखाली यालाही बारीक खड्डे पडतात. तेथे मॉलिब्डेनमयुक्त '३१६' प्रकार अधिक टिकतो. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे माल उत्तम, हा समज भ्रामक आहे. कमी निकेलच्या हलक्या प्रकारांनाही तो बहुधा चिकटत नाही. खरेदी करताना प्रकाराचा क्रमांक देयकावर लिहून घेणे हाच खरा उपाय.

ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश. खिडक्यांच्या चौकटींसाठी ते सोयीचे असले तरी ओला चुना व सिमेंट त्याला खातात. म्हणून गिलावा पुरता वाळल्यावरच चौकटी बसवाव्यात. तेवढाच वीजप्रवाह वाहण्यास ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या निम्म्या वजनाची पुरते, त्यामुळे खांबांवरील वाहिन्यांत त्याचाच उपयोग होतो. भिन्न धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांस लागून राहिले की त्यांतील एक लवकर झिजतो. त्यांच्या मध्ये रबर किंवा प्लास्टिकची चकती घालणे इष्ट.

तांबे, पितळ आणि कथील

स्नानाचे पाणी तापविण्याचे भाण तांब्याचे असते, कारण तांबे उष्णता झपाट्याने पसरविते. तांब्यात जस्त मिसळले की पितळ व कथील मिसळले की कासे होते. आमसूल, चिंच वा ताक यांचे आंबट पदार्थ कल्हईविना तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवल्यास तांबे अन्नात उतरते. कल्हईचे कथील शुद्धच असावे. त्यात शिसे मिसळलेले असेल तर ते अन्नावाटे शरीरात जाते, आणि लहान मुलांस त्याची बाधा सर्वाधिक होते.

अंदाजपत्रकातील एक ओळ

अंदाजपत्रकात केवळ 'लोखंडी फाटक' असे लिहिल्यास स्वस्तातला स्वस्त माल लागतो. त्याऐवजी धातूचा प्रकार, नळीची जाडी, लेप अथवा रंगाचे हात व सांध्यांची प्रक्रिया यांचा स्पष्ट उल्लेख करावा. या एका ओळीने पंचायतीचा पुढील कित्येक वर्षांचा दुरुस्तीखर्च वाचू शकतो.

शिक्षकांनाही हा विषय वर्गात सहज दाखविता येईल. एक साधा खिळा गोड्या पाण्यात, दुसरा मिठाच्या पाण्यात आणि ओरखडा काढलेला एक जस्ती खिळा तशाच खाऱ्या पाण्यात ठेवावा. काही दिवसांत साधे खिळे तांबडे पडू लागतील, जस्ती खिळा मात्र तग धरून राहील. उद्या यांतीलच काही मुले पंचायतीत बसतील, काही हाती वेल्डिंगची कांडी धरतील. त्या वेळी धातू निवडताना हे तीन खिळे त्यांना आठवले, तर गावाचे फाटक अधिक काळ उभे राहील.