रात्रीचा उजेड : किती आणि कोठे?

आपल्या वसतिगृहाच्या ज्या विद्यार्थ्यांनी पत्र्याच्या जुन्या खोल्यांत दिवस काढले, त्यांना उन्हाळ्यातील मैदानावरचे झोपणे आठवत असेल. सप्तर्षी कोण आधी शोधतो याची पैज लागे आणि मध्यरात्री वृश्चिकाच्या शेपटीपाशी आकाशगंगेचा पांढुरका पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसे. गेल्या वर्षी सातवीच्या मुलांना तोच पट्टा दाखवण्यास आम्ही गेलो, तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या बाजूचे आकाश दुधाळ झालेले होते. सप्तर्षींतील सर्वांत मंद तारा अत्री, तोदेखील सापडेना. मुलांना वाटले, सर चुकले!

यालाच प्रकाश-प्रदूषण म्हणतात. दिव्याचा उजेड जमिनीवर न पडता वर किंवा आडवा गेला, की हवेतील कणांवर आदळून विखुरतो व आकाशावर पडदा धरतो. निळसर रंगाचा प्रकाश अधिक विखुरतो. म्हणून पांढऱ्याशुभ्र एलईडी दिव्यांनी वीज वाचली, तरी आकाश मात्र अधिक उजळले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार जगातील सुमारे एकतृतीयांश लोकांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. हानी केवळ ताऱ्यांची नव्हे. रात्री प्रवास करणारे स्थलांतरित पक्षी प्रखर दिव्यांनी भरकटतात, आणि आपले जायकवाडीचे पक्षी अभयारण्य तर शहरापासून फार दूर नाही.

आपल्या कायद्यात मात्र ही बाब नीट बसत नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमात प्रदूषकाची व्याख्या घन, द्रव वा वायुरूप पदार्थ अशी आहे. प्रकाश हा पदार्थ नव्हे. त्यामुळे तक्रारदाराला वेगळी वाट शोधावी लागते. २०२४ साली मुंबई, ठाणे परिसरातील झाडांवर गुंडाळलेल्या रोषणाईचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. फ्रान्समध्ये २०१३ पासूनच दुकानांच्या काचांमागचे दिवे रात्री एकनंतर बंद ठेवण्याचा नियम आहे. आपल्याकडील उत्तम उदाहरण नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाचे. जानेवारी २०२४ मध्ये त्यास भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोडा आदी गावांतील रस्त्यांवरचे दिवे खाली तोंड केलेले बसवण्यात आले. गावे अंधारात ढकलली गेली नाहीत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

कारण ‘अंधार राखा’ ही मागणी आपल्या समाजाच्या कानाला सहज गोड लागणारी नाही. गावाबाहेरच्या वस्तीत विजेचा खांब सर्वांत शेवटी आला, हे आपण पाहिले आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांकडे श्रम खाते होते आणि विजेचा विषयही त्यांच्याच अखत्यारीत येई. वीज ही श्रीमंतांची चैन नव्हे, अशी त्यांच्या कामाची दिशा होती. तेव्हा उजेड हा हक्कच आहे. पालकसभेत आम्ही मैदानावरचा मोठा दिवा काढण्याचा विषय मांडला, तेव्हा एका मातेने विचारले, “मुलींना रात्री नळावर जावे लागते. तुमचे तारे बघण्यासाठी त्यांनी ठेचकाळायचे का?” आम्ही गप्प झालो. त्यांचे म्हणणे खरे होते.

पण प्रखर दिव्याने सुरक्षितता वाढते, हेही अर्धेच खरे. डोळे दिपले की त्या दिव्यापलीकडच्या सावलीत कोण उभे आहे ते दिसत नाही. म्हणून आम्ही दिवा काढला नाही, खाली आणला. पत्र्याच्या कारागिराकडून त्यास टोपी करून घेतली, पिवळसर बल्ब बसवला आणि नळाच्या वाटेवर आणखी दोन छोटे दिवे लावले. वाट आता पूर्वीपेक्षा अधिक स्पष्ट दिसते आणि खिडकीतून मुलांच्या डोळ्यांवर येणारा झोतही थांबला. (अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश मारू देत नाहीत, कारण उजेडाने चित्रांचे रंग विटतात, हे मुलांना ठाऊक होते, झोपेलाही तोच न्याय लावायला त्यांना वेळ लागला नाही.)

फाटकाबाहेरच्या दिव्यांसाठी अर्ज केला आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वीजतंत्री आहेत, त्यांनी मेळाव्याच्या दिवशी इमारतीवरील उरलेले चार दिवे पाहावेत, ही विनंती. त्या रात्री नऊ ते दहा मैदानावरचे दिवे बंद राहतील, नळाच्या वाटेवरचे चालूच असतील. येताना चटई आणावी.